मेसेज गेला, माणूस आला नाही : या चुका टाळा

हृदय बंद पडल्यावर छातीवर दाब मिळाला नाही, तर दर मिनिटाला जगण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. पाटण-जावळीच्या डोंगरातल्या वाडीवर १०८ची गाडी पोचेपर्यंत शेजारीच कामी येतात. अशा वेळी धावून येणाऱ्या स्वयंसेवकांची यादी करून त्यांना फोनवरून बोलावण्याची सोय बहुतेक वेळा त्या यादीतच फसते. नंबर गावाचे, पण माणसं नोकरीला पुण्या-मुंबईत! यादी वाडीवार करा. दिवसा कोण असतं, रात्री कोण, पाच मिनिटांत चालत कोण येतं, हे लिहा आणि दर तीन महिन्यांनी एकेकाला फोन लावून बघा.

व्हॉट्सॲप ग्रुपवर विसंबू नका. रात्री तो कुणी बघत नाही. थेट फोन करा. स्वयंसेवकांनीही रात्री फोन सायलेंट करू नये. 'डू नॉट डिस्टर्ब' लावून यादीतल्या नंबरांना त्यातून सूट द्यावी.

जिवावर बेतणारी चूक मात्र वेगळीच. पडलेला माणूस थांबून थांबून आचके देतो, घोरल्यासारखा आवाज येतो आणि घरचे सांगतात, "श्वास चालू आहे." तो श्वास नव्हे. खांदे हलवून हाक मारली, प्रतिसाद नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, एवढं दिसलं की हृदय बंद पडलंय असंच धरा.

एकटे असाल तर आधी १०८. फोन स्पीकरवर टाकून शेजारी ठेवा आणि माणसाला कॉटवरून जमिनीवर घ्या. गादीवर दाब वाया जातो. छातीच्या मधोमध ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबा. दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. दुसरा माणूस आला की दर दोन मिनिटांनी पाळी बदला.

स्वयंसेवकांना फोन दुसऱ्या कुणीतरी करावा. "लवकर या, अर्जंट आहे" यातून काहीच कळत नाही. असं सांगा : "तात्या पडलेत, श्वास नाही. खालची वाडी, मारुतीच्या देवळामागं, निळं गेट." रात्री एकाने बॅटरी घेऊन रस्त्यावर उभं राहावं.

गावात एईडी, म्हणजे हृदयाला शॉक देणारं यंत्र असेल, तर सगळेच रुग्णाकडे धावतात आणि यंत्र कपाटातच राहतं. दोघांनी थेट घरी जावं, तिसऱ्याने यंत्र आणावं; कोण, ते आधीच ठरवा. रात्री ग्रामपंचायतीला कुलूप असतं, म्हणून किल्ली जवळच्याच घरी ठेवा. पॅडची मुदत आणि बॅटरीचा दिवा महिन्यातून एकदा तपासा.