पाय बाहेर, हात आत: नव्या पंचासाठी हँडबॉलविषयी

नागपुरात फुटबॉलचा पंच म्हणून शिट्टी हाती घेतली त्या पहिल्याच मोसमात माझ्याकडून एक ढोबळ चूक झाली, आणि नव्याने पंचगिरी शिकणाऱ्यांना हँडबॉलचा, म्हणजे चेंडूला हात लावण्याच्या गुन्ह्याचा, नियम सांगताना मी आजही तिथूनच सुरुवात करतो. मे महिन्यातला सायंकाळचा सामना होता. मैदान उन्हाने भुरभुरीत झाले होते आणि फक्कीने आखलेली पेनल्टी क्षेत्राची रेषा उत्तरार्धापर्यंत बुटांखाली निम्मी पुसली गेली होती. एका बचावपटूने रेषेच्या जेमतेम बाहेर उभे राहून, अंगावरून आत निघालेला चेंडू मागे हात टाकून अडवला. मी त्याच्या पायांकडे पाहिले, पाय बाहेर होते, म्हणून रेषेबाहेर थेट फ्री किक दिली. समोरच्या संघाचा कर्णधार धावत आला आणि म्हणाला, "सर, बॉल तर आत होता ना, मग पेनल्टी काऊन नाही?"

तो बरोबर होता. हँडबॉलची जागा पायांवरून ठरत नाही, हाताचा आणि चेंडूचा स्पर्श जिथे झाला तिथून ठरते. आणि रेषा ज्या क्षेत्राला बांधते त्या क्षेत्राचाच भाग असल्यामुळे रेषेवर झालेला स्पर्शही आतच धरला जातो. गोलरक्षकालाही हाच न्याय लागू होतो. त्याचे पाय क्षेत्राच्या आत असले, तरी पूर्णपणे रेषेबाहेर असलेला चेंडू त्याने हाताने धरला तर तो हँडबॉल होतो. उलट पाय बाहेर आणि चेंडू आत असेल तर काहीच गुन्हा नाही. बाहेर हात लावला म्हणजे गोलरक्षकाला लाल कार्ड, हा आपल्या प्रेक्षकांचा लाडका समज आहे, पण त्याने गोलची उघड संधी हिरावली असेल तरच ते दाखवायचे असते.

आपल्याकडे हॉकीच्या सवयीने सगळ्या पेनल्टी क्षेत्राला सर्रास 'डी' म्हणतात आणि त्यातून एक गोंधळ होतो. क्षेत्र गोलरेषेपासून 16.5 मीटरपर्यंत असते. त्याच्या बाहेर दिसणारा कमानीचा तुकडा 11 मीटरवरच्या पेनल्टी बिंदूपासून 9.15 मीटर अंतराने काढलेला असतो आणि पेनल्टीच्या वेळी इतर खेळाडूंना दूर ठेवण्यापलीकडे त्याला काही काम नसते. त्या कमानीत झालेला हँडबॉल म्हणजे फ्री किकच.

जागेच्या आधी मात्र गुन्हा घडला की नाही हे ठरवावे लागते, आणि खरी कसोटी तिथेच लागते. काखेच्या तळाच्या पातळीपासून खाली हात सुरू होतो. खांद्याला लागलेला चेंडू हँडबॉल नव्हे. हाताला लागलेला प्रत्येक चेंडूही गुन्हा नव्हे. खेळाडूने हात जाणूनबुजून चेंडूकडे नेला, किंवा त्या क्षणीच्या हालचालीला न शोभेल अशा तऱ्हेने हात पसरून आपले अंग मोठे केले, तर गुन्हा होतो. घसरत टॅकल करताना अंगाखाली टेकवलेला आधाराचा हात मी सहसा सोडून देतो. तोच हात पंखासारखा बाजूला पसरला असेल तर सोडत नाही. नव्या पंचाने "हाताला लागला" या आरडाओरड्याला बळी न पडता स्पर्शाच्या आधी हात कुठे होता आणि का होता, एवढे पाहावे.

आक्रमकाच्या बाबतीत नियम अधिक कडक आहे. त्याच्या हाताला लागून चेंडू थेट गोलमध्ये गेला, किंवा हाताला लागल्यावर लगेच त्यानेच गोल केला, तर स्पर्श अनवधानाने झालेला असला तरी गोल रद्द होतो. सहकाऱ्याच्या हाताला चुकून लागून पुढे झालेला गोल मात्र 2021 च्या बदलापासून वैध धरतात, आणि कर्णधारांना हे पटवताना घाम फुटतो.

कार्डांचा हिशोब 2024 मध्ये बदलला. पेनल्टी ज्यावर दिली तो हँडबॉल जाणूनबुजून नसेल, तर उघड संधी हिरावली गेली तरी पिवळेच कार्ड दाखवायचे. चांगली चढाई नुसती थांबली असेल तर कार्डच नाही. जाणूनबुजून गोल अडवणाऱ्याला मात्र लाल. 2 जुलै 2010 रोजी विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व सामन्यात उरुग्वेच्या सुआरेझने घानाचा गोल गोलरेषेवर हाताने अडवला, त्याला लाल कार्ड मिळाले आणि घानाच्या ग्यानची पेनल्टी क्रॉसबारला लागून फुकट गेली. आजच्या नियमानेही निर्णय तोच लागला असता.

सहकाऱ्याने पायाने मुद्दाम दिलेला चेंडू गोलरक्षकाने आपल्या क्षेत्रात हाताने उचलला तर त्यावर अप्रत्यक्ष फ्री किक (जिच्यावरून थेट गोल करता येत नाही ती) मिळते, पेनल्टी नव्हे. हा मुद्दा 1992 पासून लागू आहे आणि तरीही दर मोसमात एकदा तरी वाद होतोच.

उभे राहण्याविषयी थोडे. चढाईच्या थेट मागे धावत राहिलात तर खेळाडूंच्या पाठी दिसतात, हात दिसत नाहीत. म्हणून थोडे बाजूला सरकून तिरका कोन घ्यावा. सामन्यापूर्वी दोन्ही सहायक पंचांशी ठरवून ठेवावे की रेषेजवळ स्पर्श झाल्यास आत की बाहेर हे ते ठरलेल्या खुणेने सांगतील, कारण त्या क्षणी विचारायला वेळ नसतो. आणि मध्यंतरात पाणी पिण्याआधी मी मैदानाच्या माणसाला बोलावून दोन्ही क्षेत्रांच्या पुढच्या रेषांवर पुन्हा फक्की टाकून घेतो.