खुबा बदलायची तारीख ठरली की

तारीख ठरली की घरात पहिली चर्चा होते ती शस्त्रक्रिया रोबोटच्या मदतीने करायची का, याची. आधी सीटी स्कॅनवरून हाडाचा त्रिमितीय नकाशा तयार होतो आणि यंत्राचा हात सर्जनला त्या आखणीबाहेर जाऊ देत नाही. खुब्याच्या खोबणीत बसवायची कृत्रिम वाटी कोणत्या कोनात बसावी हे त्यामुळे जास्त अचूक साधतं. पण शस्त्रक्रिया सर्जनच करतो, आणि काही वर्षांनी रुग्णाला चालताना जाणवेल असा मोठा फरक अजून ठामपणे दिसलेला नाही. म्हणून यंत्राइतकीच सर्जनचीही चौकशी करा. अशा किती शस्त्रक्रिया ते वर्षाला करतात? सांध्यापर्यंत पुढून जाणार की मागून? सांधा हाडात पक्का बसवायला सिमेंट वापरणार का? पायांच्या लांबीत फरक राहू शकतो का? प्रश्न कागदावर लिहून न्या, समोर बसल्यावर निम्मे आठवत नाहीत.

सांधा कशाचा आहे हेही विचारा. १९६२ साली इंग्लंडमध्ये जॉन चार्न्ली यांनी धातूचा लहान गोळा आणि पॉलिइथिलीन या प्लास्टिकची वाटी ही जोडी रूढ केली, आजचे खुबे त्याच वाटेने आलेले आहेत. जुन्या प्लास्टिकची झीज होई आणि त्या कणांमुळे आजूबाजूचं हाड विरघळे. आताचं क्रॉसलिंक्ड, म्हणजे रेणू एकमेकांना जोडून पक्कं केलेलं, पॉलिइथिलीन खूपच कमी झिजतं आणि त्यावर सिरॅमिकचा किंवा धातूचा गोळा बसवतात. टिकण्याबद्दल म्हणाल, तर २०१९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात खुब्याचे सुमारे ५८ टक्के कृत्रिम सांधे २५ वर्षांनंतरही शाबूत होते. आणि ते सांधे आजच्यापेक्षा जुन्या पिढीचे होते.

आता खरी तयारी, जी सर्जनच्या नाही तर आपल्या हातात आहे. माझा सगळा आग्रह इथे आहे, कारण या शस्त्रक्रियेत सर्वात जास्त भ्यावं ते जंतुसंसर्गाला. दातातले, लघवीतले किंवा पायावरच्या जखमेतले जिवाणू रक्तातून सांध्यापर्यंत पोचले तर धातूवर चिकट थर धरून बसतात. त्या थरात अँटिबायोटिक नीट शिरत नाही आणि कधीकधी बसवलेला सांधाच काढावा लागतो. तेव्हा किडलेला दात आधी दाखवा. लघवीला जळजळ असेल, पायावर फोड किंवा चीर असेल तर लपवू नका, तारीख पुढे गेली तरी चालेल. सिगारेट आणि तंबाखू निदान चार आठवडे आधी बंद. मधुमेह असेल तर तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, आटोक्यात आणायला वेळ लागतो, शेवटच्या आठवड्यात ते जमत नाही. हिमोग्लोबिन कमी असेल तर त्याचं कारण शोधून उपचार आधीच सुरू व्हायला हवेत. त्याच सांध्यात तीन महिन्यांच्या आत स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर न विसरता सांगा. आणि पायावरचे केस घरी वस्तऱ्याने काढू नका, बारीक चिरांमधून जंतू आत जातात. गरज पडली तर रुग्णालयात मशीनने काढतात.

चालू औषधांची पाकिटं जशीच्या तशी पिशवीत घालून भूलतज्ज्ञांसमोर ठेवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने थांबवू नका, हृदयात स्टेंट असेल तर मुळीच नाही. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या साखरेच्या गोळ्या साधारण तीन दिवस आधी बंद करायला सांगतात, कारण उपाशीपोटी त्यांनी रक्तात आम्ल वाढू शकतं, तेही साखर फारशी वाढलेली नसताना. काढे, चूर्णं हीही औषधंच, तीही दाखवा. साधारण सहा तास आधी खाणं आणि दोन तास आधी पाणी बंद असतं, पण तुमच्या भूलतज्ज्ञांनी दिलेली वेळच पाळा.

घरात सुटे गालिचे आणि वायरी उचला. बाथरूमपर्यंत रात्री दिवा राहू द्या. हाताची, उंच आणि टणक बसण्याची खुर्ची लागेल, कमोडही उंच करून घ्या. मागून शस्त्रक्रिया झाली असेल तर बरेचदा काही आठवडे खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवू नका, पायावर पाय टाकू नका, असं सांगतात. वॉकर आधीच आणून घरात फिरून बघा. शस्त्रक्रियेच्या दिवशीच किंवा दुसऱ्या दिवशी उभं करतात, तेव्हा तो हाताला नवा नसावा. घोटे वरखाली करणं आणि मांडीचे स्नायू आवळून धरणं हे व्यायाम आजच सुरू करा.

सोबत येणाऱ्या माणसाला दोन गोष्टी नीट समजावून ठेवा. पोटरी एका बाजूने सुजून दुखली, अचानक धाप लागली, छातीत दुखलं, जखमेतून स्राव वाढला किंवा ताप आला तर पुढच्या भेटीची वाट पाहायची नाही, धाप किंवा छातीचं दुखणं असेल तर थेट आपत्कालीन विभाग गाठायचा. आणि घरी निघताना, बसवलेल्या सांध्याची कंपनी, माप आणि क्रमांक असलेली स्टिकरं फाइलमध्ये लावून घ्यायची. काही वर्षांनी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली, तर नवा सर्जन आधी तीच मागेल.