जुन्या मोटरहोमची गेलेली चमक परत आणताना

जुन्या मोटरहोमच्या, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या गाडीच्या, अंगावरून हात फिरवला आणि तळहाताला पांढरी पूड लागली, की लोक थेट पॉलिशची बाटली आणायला धावतात. मी आधी मगभर पाणी घेते आणि सर्वांत फिक्या दिसणाऱ्या पॅनेलवर ओतते. ओलं असेपर्यंत मूळ रंग खुलून दिसला आणि वाळताच पुन्हा फिका पडला, तर काळजी नको. खाली जेलकोट, म्हणजे फायबरग्लासवरचा राळेचा रंगीत, गुळगुळीत थर, शाबूत आहे, फक्त त्याचा वरचा पापुद्रा उन्हातल्या अतिनील किरणांनी मरून खरबरीत, सच्छिद्र झाला आहे. ओलं करूनही रंग येत नसेल, किंवा फायबरग्लासच्या तंतूंची वीण डोकावत असेल, तर जेलकोट संपला. तिथे घासून काही मिळणार नाही, रंगच द्यावा लागेल.

गाडीची कातडी नेमकी कसली आहे, हेही आताच ठरवा. सगळ्या मोटरहोम फायबरग्लासच्या नसतात. काहींना रंगवलेला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा असतो. त्यावरचा रंग जेलकोटपेक्षा खूपच पातळ, म्हणून तिथे सौम्य पॉलिश आणि हातच चालवायचा. गाडीवर रंग आणि त्यावर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, असेल आणि तो पापुद्रे धरून उडत असेल, तर पॉलिशने तो जुळून येत नाही. नवा जेलकोट साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो. प्रत्येक घासणीत त्यातला थोडा कायमचा जातो, म्हणून माझा नियम एकच: जे सर्वांत कमी ओरबाडेल, ते आधी.

धुण्याची सुरुवात छपरापासून. ईपीडीएम रबराचं छप्पर असेल तर त्याचीच पांढरी भुकटी पावसाबरोबर भिंतींवर ओघळते. ते तसंच ठेवून भिंती चमकवल्या तर पहिल्या पावसात ओघळ परत. या रबराला पेट्रोल, थिनर किंवा तसलं कुठलंही द्रावण लावू नका, ते फुगतं. वर चढलाच आहात तर खिडक्या, झडपा आणि कोपऱ्यांच्या पट्ट्यांजवळचं सीलंट, म्हणजे सांधे बुजवणारा मसाला, बोटाने दाबून बघा. तडकलेलं असेल तर ते काम आधी. सांध्यातून आत गेलेलं पाणी लाकडी सांगाडा कुजवतं. चमक त्यानंतर बघता येईल.

जुने स्टिकर काढायचे असतील तर हेअर ड्रायरने कोमट करा आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने हळूहळू उचला. खाली गडद ठसा दिसेल, कारण तेवढ्या भागाला ऊन लागलेलं नसतं. आजूबाजूचा भाग कंपाउंडने, म्हणजे वरचा थर किंचित घासून काढणाऱ्या लेपाने, उजळला की तो बराच मिसळतो, पण जुन्या गाडीवर पूर्ण जाईलच असं नाही.

आता खरं काम. सावलीत उभी गाडी, हाताला थंड लागणारं पॅनेल. खिडक्यांचे रबर, काळ्या पट्ट्या आणि अ‍ॅक्रिलिकच्या खिडक्या मास्किंग टेपने झाका. काळ्या प्लॅस्टिकवर कंपाउंड सुकलं की पांढरे डाग निघता निघत नाहीत, आणि अ‍ॅक्रिलिकला अमोनियाचा क्लीनर लागला तर बारीक तडे जाऊ शकतात. मग दोन हात रुंद, दोन हात उंच एवढाच चौकोन घ्या. त्यावर रबिंग कंपाउंडचे चार-पाच ठिपके, बफिंग मशीनला लोकरीचं पॅड, वेग मिनिटाला हजार ते दीड हजार फेऱ्यांच्या आसपास. मशीन एका जागी थांबू देऊ नका, आधी आडवं मग उभं फिरवा. कडा आणि उंचवट्यांवर थर पातळ असतो, तिथे मशीन नको, हाताने घासा. पॅड मेलेल्या जेलकोटने भरत जातं, ते वरचेवर ब्रशने मोकळं करा. भरलेलं पॅड कापत नाही, नुसतं तापवतं.

त्या एका चौकोनात समोरच्या झाडाची कड स्पष्ट दिसू लागली, तर बाकी गाडीचा मार्ग ठरला. धूसरच राहिली, तरच वॉटरपेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा बारीक पॉलिश पेपर, हातात घ्या. १००० नंबरपासून सुरू करा, मग १५००, मग २०००. पाण्यात भांड्यांच्या साबणाचा थेंब टाका. प्रत्येक नंबरला दिशा बदला. आधीच्या आडव्या रेघा उभ्या घासणीत पूर्ण गेल्या की पुढचा नंबर. इथे घाई केली तर गडद रंगावर त्या रेघा उन्हात उठून दिसतात. त्यानंतर पुन्हा कंपाउंड, आणि शेवटी मऊ फोमच्या पॅडवर बारीक पॉलिश. कोरड्या घासणीत उडणारी पूड फुप्फुसाला वाईट, म्हणून मास्क आणि चष्मा सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

बरेच जण हे सगळं टाळून फरशीला लावायचं अ‍ॅक्रिलिक पॉलिश पातळ थरांमध्ये चढवतात. लगेच लखलखतं, हे खरं. पण तो थर छिद्रं भरून चमकतो, पुढे पिवळा पडून सुटू लागतो, आणि काढायला अमोनियाचं स्ट्रिपर लागतं. जेलकोट घासण्याइतका उरलाच नसेल, तर मी ते समजू शकते. धडधाकट जेलकोटवर मात्र मुळीच लावू नका.

घासून मोकळा झालेला जेलकोट उघडा ठेवू नका, त्याच मुक्कामात वॅक्स किंवा पॉलिमर सीलंट (सांध्यांचं नव्हे, वॅक्ससारखं पृष्ठभागावर लावायचं) लावा. वॅक्स काही महिने टिकतं, सीलंट त्याहून जास्त. सिरॅमिक कोटिंग आणखी टिकाऊ, पण खालची प्रत्येक रेघ त्यात बंद होते, तेव्हा पॉलिशचं काम खरोखर पूर्ण झाल्याशिवाय नको. पुढचा उतरता भाग आणि छपराची कड सर्वांत जास्त ऊन खातात, तिथे दुसरा हात द्या. धुताना पाण्याचे गोल थेंब बनायचे थांबून ते पसरू लागले, की पुन्हा वॅक्स लावायची वेळ झाली.