धंदा स्थिरावल्यावर पुन्हा बुद्धिबळाच्या पटावर

शाळा-कॉलेजात बुद्धिबळ जीव लावून खेळलेली, मग वर्कशॉप किंवा दुकान उभे करण्यात पंचवीस-तीस वर्षे घालवलेली आणि आता थोडी उसंत मिळालेली माणसे मला विचारतात की, पुन्हा सुरुवात कोठून करावी. मी स्वतः वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी परतलो. त्या अनुभवावरून सांगतो की, सर्वांत आधी वेळेची सोय लावावी. शिसवी मोहरे, डिजिटल घड्याळ, पुस्तके आणि महागडा प्रशिक्षक हे सारे आठवडाभरात जमवता येते, आणि धंद्यात जम बसलेल्या माणसाचा हात आधी तिकडेच वळतो. परंतु चार चालींनंतरची स्थिती डोळ्यांसमोर स्थिर धरण्याची सवय एकदा मोडली की ती रोजच्या बैठकीखेरीज परत येत नाही. मी सकाळी साडेपाच ते सव्वासहा ही वेळ त्यासाठी राखली, कारण त्या वेळी कोणाचाही फोन येत नाही.

दरम्यान बदललेल्या गोष्टी समजून घ्याव्यात. आपल्या काळी लांबलेला डाव तहकूब होत असे, पुढची चाल बंद पाकिटात जाई आणि रात्रभर मित्रांसोबत विश्लेषण चाले. संगणक आल्यावर ती पद्धत बंद पडली. आता बहुतेक क्लासिकल, म्हणजे जास्त वेळेच्या, स्पर्धांत प्रत्येकाला ९० मिनिटे आणि प्रत्येक चालीमागे ३० सेकंदांची भर मिळते. साठ चालींचा डाव झाला तर दोघांचे मिळून चार तास होतात, आणि दिवसाला दोन फेऱ्या असतील तर आठ. म्हणून पाठ, डोळे आणि झोप यांची तयारी ओपनिंगच्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींच्या, तयारीइतकीच मनावर घ्यावी.

अभ्यासाची सुरुवात ओपनिंगपासून करू नये, असे माझे ठाम मत आहे. तिथे इतके नवे साचले आहे की माणूस पाठांतरात अडकतो. राजा आणि प्याद्यांचे एंडगेम, म्हणजे डावाचे शेवटचे टप्पे, मात्र जसे होते तसेच आहेत. पटावर पांढरा राजा ई५ वर (ई ही उभी फाइल, ५ ही आडवी रांग), त्याचे प्यादे ई४ वर आणि काळा राजा ई७ वर ठेवा. दुसरे काहीही नको. काळ्याची चाल असेल तर त्याला बाजूला सरावे लागते, पांढरा राजा पुढे घुसतो आणि प्याद्याचा वजीर होतो. हीच स्थिती, पण चाल पांढऱ्याची, तर अचूक बचावापुढे डाव बरोबरीत सुटतो. जन्मभर ‘पहिली चाल आपली हवी’ या नियमाने वागलेल्या व्यापाऱ्याला, चाल आपल्यावर येणे हेच नुकसान ठरते हे पटायला वेळ लागतो. ही स्थिती मोहरे हलवून दोन्ही बाजूंनी वीस-वीस वेळा खेळावी. नुसती वाचून ती हातात बसत नाही.

सरावासाठी आपल्यापेक्षा बऱ्याच तगड्या खेळाडूकडून सवलत घेऊन खेळण्याची जुनी रीत मला फार उपयोगी पडली. घरात आजोबा नातवाशी वजीर काढून खेळत, तीच ही रीत, आणि त्यात कमीपणा मानू नये. धंद्यासाठी दीर्घकाळ पटापासून दूर राहून परतलेले ब्रिटिश व्यावसायिक टेरी चॅपमन २००१ मध्ये लंडनमध्ये माजी जगज्जेत्या गॅरी कास्पारोव्हशी चार डाव खेळले. प्रत्येक डावात कास्पारोव्हने दोन प्यादी कमी घेतली, तरीही तो २.५–१.५ असा जिंकला. पण चॅपमननी एक डाव जिंकला आणि एक बरोबरीत सोडवला.

सहा महिन्यांनी स्पर्धेत उतरावे. मोबाइल घरी किंवा गाडीत ठेवावा आणि कारखान्याची जबाबदारी त्या दिवसापुरती खरोखर दुसऱ्याच्या हाती द्यावी. माझ्या पहिल्याच स्पर्धेत, माल अडकल्याची खबर येईल म्हणून मी फोन खिशात ठेवला होता. चांगल्या स्थितीत असताना तो वाजला, पंच आले आणि डाव गेला. नियम स्पष्ट होता आणि चूक माझी होती. त्याचप्रमाणे खेळण्याच्या इराद्याने मोहऱ्याला हात लावला की तोच खेळावा लागतो आणि क्लासिकल डावात दुसरी नियमबाह्य चाल झाली की साधारणपणे डावच जातो, याची उजळणी करून जावे.

समोर अकरा वर्षांची मुलगी बसेल. तिच्या मानांकनावर, म्हणजे खेळाची ताकद सांगणाऱ्या आकड्यावर, जाऊ नये, कारण मुलांचे बळ त्यांच्या आकड्यापेक्षा वेगाने वाढते. मार्च २०२४ पासून फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेचे मानांकन १४०० च्या खाली जात नाही, त्यामुळे त्या आकड्याच्या आसपास फार निरनिराळ्या कुवतीचे खेळाडू भेटतात. समवयस्कांशी खेळायचे असेल तर ज्येष्ठांच्या स्पर्धा पाहाव्यात. २०१४ पासून जागतिक ज्येष्ठ स्पर्धेत ५० आणि ६५ वर्षांवरील असे दोन गट आहेत. मात्र माझा सल्ला असा की, निदान पहिले वर्ष मुलांबरोबरच खेळावे. आपली लपलेली चूक ती सर्वांत लवकर शोधतात.

डाव हरल्यावर हस्तांदोलन करून ‘आपण डाव पाहू या का?’ असे विचारावे. मला हरवलेल्या एका मुलाने तेविसावी चाल दाखवून म्हटले, “काका, इथे हत्ती डी-फाइलवर आणला असता तर मीच अडकलो असतो.” मी ती चाल पाहिलीच नव्हती. घरी येऊन संगणक उघडण्याआधी मी वहीत त्या स्थितीची आकृती काढली, मला काय दिसले होते ते खाली लिहिले, आणि दुसऱ्या दिवशी साडेपाचला पटावर तीच स्थिती मांडली.