निकालपत्रातला ‘सबब’ कसा वाचावा

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कोर्टातून निकालाची नक्कल हातात आली की बहुतेक जण थेट शेवटचं पान उघडतात. दावा मंजूर की नामंजूर, एवढंच बघतात. अपील मात्र उभं राहतं मधल्या पानांवर, जिथे न्यायाधीश ‘का’ ते सांगतात. नकलेची झेरॉक्स काढा, मूळ प्रत जपून ठेवा आणि पेन्सिल घेऊन बसा.

आधी मुद्द्यांचा तक्ता शोधा. दिवाणी निकालात एका बाजूला मुद्दे, दुसऱ्या बाजूला ‘होय’, ‘नाही’, ‘अंशतः होय’ असे निष्कर्ष असतात. मुद्दा ‘वादी शाबीत करतो काय की’ असा सुरू होतो की ‘प्रतिवादी शाबीत करतो काय की’, हे नीट बघा. शाबितीचा, म्हणजे सिद्ध करण्याचा, भार कुणावर, ते त्यातून कळतं. पुरावा दोन्हीकडे तोकडा असेल तर भार ज्याच्यावर, तो हरतो. भारच चुकीच्या पक्षकारावर पडला असेल तर पुढची कारणमीमांसा तिरकी जाते. अपिलाच्या कारणांत हे सगळ्यात वर लिहा.

मग प्रत्येक वाक्य कुणाचं आहे ते समासात लिहा. ‘वादीचे कथन असे की’ हे पक्षकाराचं. ‘साक्षीदाराने उलटतपासात कबूल केले’ हे पुराव्याचं. ‘माझ्या मते’, ‘यावरून दिसून येते’ हे न्यायाधीशांचं. समोरच्याची कैफियत, म्हणजे त्याचं लेखी उत्तर, सांगणारा परिच्छेदच कोर्टाचं मत समजून लोक हबकतात, आणि वकिलाकडे जाऊन नको त्या वाक्यावर तास घालवतात.

खरं काम ‘सबब’, म्हणजे ‘म्हणून’, या शब्दापाशी आहे. समजा, पारोळ्याकडच्या बांधाच्या वादात असं लिहिलंय: ‘साक्षीदार क्र. २ हा वादीचा चुलतभाऊ आहे. सबब त्याची साक्ष विश्वासार्ह नाही.’ या दोन वाक्यांच्या मध्ये एक पायरी न बोलता ओलांडली आहे: नातेवाईक खोटंच बोलतो. कायदा तसं म्हणत नाही. नातेवाइकाची साक्ष जास्त काळजीने तपासावी लागते, पण केवळ नात्यावरून ती फेकून देता येत नाही. शिवाय बांध कोरताना बघणार कोण, तर भाऊबंद आणि शेजारचा शेतकरीच. ‘सात-बारावर प्रतिवादीचे नाव आहे, सबब तो मालक आहे’ हीसुद्धा अशीच उडी. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे ती नोंद विरुद्ध शाबीत होईपर्यंत खरी धरतात, पण सात-बारा म्हणजे मालकीचा दस्त नव्हे. प्रत्येक ‘सबब’च्या मागे कोणती निशाणी, म्हणजे कोर्टाने क्रमांक दिलेला पुराव्याचा कागद, आहे, तिचा क्रमांक समासात लिहा. जिथे क्रमांक लिहिताच येत नाही, तिथे अपिलाला जागा आहे.

‘शाबीत झाले नाही’ म्हणजे ‘खोटे ठरले’ नव्हे. पुरावा कायद्यात शाबीत, नाशाबीत (खोटे ठरलेले) आणि शाबीत न झालेले अशा तीन वेगळ्या अवस्था आहेत. तूर्तातूर्त (दावा चालू असतानाच्या तात्पुरत्या) मनाईच्या आदेशातला ‘सकृतदर्शनी’, म्हणजे ‘वरवर पाहता’, हा शब्दही तसाच: तो निष्कर्ष त्या अर्जापुरता. त्यावरून दावा हरलो असं समजू नका.

आता आपल्याकडची खास अडचण. कोर्टाची भाषा मराठी, साक्षीदार बोलतो अहिराणी. तो म्हणतो, ‘माले याद नई’. कागदावर येतं, ‘मला माहीत नाही’. पहिल्यात माणूस तिथे होता पण विसरला. दुसऱ्यात त्याला काही ठाऊकच नव्हतं. पुढे निकालात ‘साक्षीदारास घटनेची माहिती नाही’ असं उमटतं, आणि साक्ष गेली. उपाय जागच्या जागीच करायचा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १८ नियम १० प्रमाणे एखादा प्रश्न आणि त्याचं उत्तर जसंच्या तसं टिपायची विनंती वकिलाला कोर्टाकडे करता येते. साक्ष वाचून दाखवतात तेव्हा घाई न करता शब्द तपासा, सही नंतर. अपिलात निकालातला सारांश धरू नका, मूळ साक्ष काढून तिच्याशी ताडा. प्रकरण उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात गेलं तर कामकाज इंग्रजीत, म्हणून अनुवादकाला असे शब्द आधीच अधोरेखित करून द्या.

हे सगळं मुदतीत व्हायला हवं. हुकूमनाम्याच्या (निकालावरून निघणाऱ्या कोर्टाच्या आदेशाच्या) तारखेपासून जिल्हा न्यायालयात अपिलाला ३० दिवस, उच्च न्यायालयात ९० दिवस. नकलेसाठी लागलेला वेळ वजा मिळतो, पण नक्कल तयार होईपर्यंतचाच. तयार नक्कल नेली नाही म्हणून गेलेले दिवस तुमच्याच खात्यावर पडतात, म्हणून नकलेचा अर्ज निकालाच्याच दिवशी द्या.