संगणकीकृत सातबाऱ्यातील चुकीबद्दल महसूल कार्यालयात बाजू कशी मांडावी

संगणकीकृत सातबाऱ्यावर नाव, क्षेत्र किंवा ‘इतर हक्क’ या रकान्यातील बोजा, म्हणजे जमिनीवरील कर्जासारख्या देण्याची नोंद, चुकीची दिसली, की खातेदार तलाठी कार्यालयात जाऊन पहिला प्रश्न विचारतो तो ‘ही चूक कुणी केली?’ हा. त्याचे उत्तर तिथे सहसा मिळत नाही, कारण हस्तलिखित उतारा संगणकात भरणारा ऑपरेटर कधीच निघून गेलेला असतो, ती नोंद तपासणाऱ्या तलाठ्याची बदली झालेली असते आणि समोर बसलेल्या माणसाला दुसऱ्याच्या चुकीची कबुली देण्यात रस नसतो. चूक कुणाची हा प्रश्न सोडून द्यावा. ती कोणत्या कागदापासून सुरू झाली, हे शोधावे आणि तेवढेच मांडावे.

त्यासाठी आधी कागद गोळा करावेत. चालू सातबारा डिजिटल स्वाक्षरीचा घ्यावा. तो १५ रुपये शुल्क भरून ऑनलाइन मिळतो. संकेतस्थळावर विनाशुल्क दिसणारा उतारा केवळ माहितीसाठी असतो, तो अर्जाला जोडू नये. संगणकीकरणापूर्वीच्या हस्तलिखित सातबाऱ्याची आणि संबंधित फेरफाराची, म्हणजे हक्कात झालेल्या बदलाच्या गाव नमुना ६ मधील नोंदीची, प्रमाणित नक्कल तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून मागावी. तक्रार क्षेत्राची असेल, तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून आकारबंदाचा, म्हणजे जमिनीचे मोजणीनुसारचे क्षेत्र आणि आकारणी दाखवणाऱ्या नोंदवहीचा, उताराही घ्यावा. हे कागद वर्षांच्या क्रमाने लावले, की नोंद कोणत्या पानावर बदलली ते डोळ्यांना दिसते.

काही तक्रारी याच टप्प्यावर गळून पडतात. दोन एकरांची जमीन म्हणजे ८० गुंठे, मग उताऱ्यावर ८१ आर कसे, असा आक्षेप पुष्कळ जण घेतात. गुंठा आणि आर ही दोन वेगळी मापे आहेत. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि एक गुंठा त्याहून किंचित मोठा, त्यामुळे दोन एकरांचे सुमारे ८१ आरच होतात. याउलट, हस्तलिखित उताऱ्यावर १ हेक्टर २० आर आणि संगणकात १ हेक्टर २ आर असेल, तर ती शून्याची जागा चुकल्याने झालेली खरी चूक आहे. जमीन विकून मोकळ्या झालेल्या माणसाच्या नावाला पूर्वी कंस केलेला असतो. नोंद संगणकात भरताना तो कंस सुटला, की ते नाव पुन्हा मालकांच्या रांगेत येऊन बसते.

यानंतरचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तो कार्यालयात जाण्यापूर्वी, घरी बसूनच सोडवावा लागतो: आपली तक्रार लेखनप्रमादाची, म्हणजे लिहिताना झालेल्या चुकीची, आहे की हक्काची? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ नुसार अधिकार अभिलेखातील लेखनप्रमाद आणि हितसंबंधित पक्षांनी मान्य केलेल्या चुका केव्हाही दुरुस्त करता येतात. कायद्याने हा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना दिला असला, तरी प्रत्यक्षात तो तहसीलदार वापरतात. एक उदाहरण घेऊ. वडिलांच्या मृत्यूनंतर झालेल्या वारस नोंदीच्या फेरफारात दोन भाऊ आणि एक बहीण अशी तिघांची नावे आहेत, फेरफार मंजूर आहे, पण सातबाऱ्यावर बहिणीचे नाव चढलेलेच नाही. हा लेखनप्रमाद आहे, कारण दोन कागद शेजारी ठेवून वाचले, की कुणाची साक्ष न काढताही तो सिद्ध होतो. आता समजा, त्या फेरफारातच बहिणीचे नाव घेतले गेले नाही. तिच्यावर झालेला अन्याय तितकाच किंवा अधिक मोठा असेल, पण तो कलम १५५ च्या कक्षेत बसत नाही. फेरफार ज्या आदेशाने मंजूर झाला, त्याविरुद्ध तिला कलम २४७ खाली उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करावे लागते. अपिलाची मुदत ६० दिवसांची असते आणि ती उलटली असल्यास विलंब माफीचा अर्ज कारणांसह जोडावा लागतो. मालकी हक्कच वादात असेल, तर दिवाणी न्यायालयाला पर्याय नाही.

ही सीमारेषा पाळणे खातेदाराच्याच हिताचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘१५५ मध्ये बसवून देतो’ असे सांगणारे लोक तहसील कार्यालयाच्या आवारात भेटतात. हक्काचा वाद लेखनप्रमादाच्या वेषात पुढे रेटून मिळवलेला आदेश पुढे अपिलात रद्द होऊ शकतो, आणि मग खरी बाजू असलेल्या माणसाकडेही संशयाने पाहिले जाते.

प्रत्यक्ष कार्यालयात तीन उत्तरे हमखास ऐकू येतात. पहिले, ‘भाऊ, सिस्टिमला असंच आहे, आम्हाला बदलता येत नाही.’ हे अर्धे खरे आहे. तलाठ्याला, म्हणजे २०२४ पासूनच्या नव्या पदनामानुसार ग्राम महसूल अधिकाऱ्याला, आदेशाशिवाय नोंद बदलता येत नाही आणि येऊही नये. म्हणून त्यांच्याशी वाद न घालता, ‘भाऊसाहेब, बदल तुम्ही करू नका, माझा अर्ज तहसीलदारांकडे अहवालासह पाठवा,’ एवढेच म्हणावे. दुसरे उत्तर, ‘आता फार वर्षे झाली.’ त्यावर कलम १५५ मधील ‘केव्हाही’ या शब्दाकडे नम्रपणे लक्ष वेधावे. तिसरे उत्तर जरा वजनदार असते: कलम १५७ नुसार अभिलेखातील नोंद खरी मानावी लागते. ते बरोबरच आहे. पण विरुद्ध सिद्ध होईपर्यंत किंवा कायदेशीरपणे नवी नोंद होईपर्यंतच ती तशी मानायची, असेही तेच कलम सांगते. आपण आणलेले कागद त्या सिद्धतेसाठीच असतात.

अर्ज लहान असावा. कुटुंबाचा इतिहास, शेजाऱ्याचे वर्तन, कार्यालयाचे हेलपाटे यांतले काहीही त्यात नको. मजकूर साधारण असा पुरतो: ‘मौजे अमुक येथील गट क्रमांक अमुकच्या हस्तलिखित सातबाऱ्यावर क्षेत्र १ हेक्टर २० आर आहे. संगणकीकृत सातबाऱ्यावर ते १ हेक्टर २ आर दिसते. या दरम्यान क्षेत्र कमी करणारा कोणताही फेरफार झालेला नाही. सबब कलम १५५ अन्वये हा लेखनप्रमाद दुरुस्त करण्याचा आदेश व्हावा.’ यातले तिसरे वाक्य विसरू नये. ते लिहिल्यामुळे कार्यालयाला एक तर असा फेरफार दाखवावा लागतो किंवा चूक मान्य करावी लागते. अर्ज ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइन करता येतो. हाताने दिल्यास दुसऱ्या प्रतीवर तारीख, शिक्का आणि आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय टपाल शाखेची खिडकी सोडू नये.

दुरुस्तीने दुसऱ्या खातेदाराच्या क्षेत्रावर किंवा हिश्शावर परिणाम होणार असेल, तर त्याला नोटीस गेली पाहिजे, असा आग्रह आपणच धरावा. त्यात वेळ जातो आणि गावात कुजबुजही होते, पण त्याचे म्हणणे न ऐकता झालेल्या आदेशाला अपिलात पहिला धक्का याच मुद्द्यावर बसतो.

अर्ज पडून राहिला, तर तोंडी चौकशी करत फिरण्यापेक्षा माहितीच्या अधिकारात १० रुपये शुल्क भरून नेमके विचारावे: आवक क्रमांक अमुकच्या अर्जावर कोणत्या तारखेला काय कार्यवाही झाली आणि नस्ती (फाइल) सध्या कोणत्या अधिकाऱ्याकडे प्रलंबित आहे? तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते. ‘विलंब का झाला?’ असे विचारू नये. कारणे मागणारा प्रश्न सहज फेटाळला जातो, तारखा मागणारा तसा फेटाळता येत नाही.

तहसीलदारांचा आदेश हाती आला, तरी काम संपत नाही. त्या आदेशाचा फेरफार घेतला जातो, मंडळ अधिकारी म्हणजे गावाच्या भाषेत सर्कल तो प्रमाणित करतात आणि मगच सातबारा बदलतो. नवा डिजिटल सातबारा काढून प्रत्येक आकडा आदेशाशी ताडून पाहावा, कारण दुरुस्ती करतानाही माणसाचेच बोट कळफलकावर असते. त्याच बैठकीत आठ-अ चा, म्हणजे खातेदाराच्या गावातील सर्व जमिनी एकत्र दाखवणारा, उतारा तपासावा. जुन्या नोंदीवरून शेतकरी ओळख क्रमांक, पीक कर्ज किंवा पीक विमा यांसाठी माहिती आधीच दिलेली असेल, तर त्या प्रत्येक ठिकाणी नवा उतारा आणि आदेशाची प्रत स्वतंत्र अर्जासह द्यावी आणि तिथूनही पोच घ्यावी.