मालिकेतलं गाणं: पहिलं चित्र हलण्याआधी काय काय तयार हवं

अ‍ॅनिमेशनमध्ये गाणं चित्रावर बसवत नाहीत, चित्र गाण्यावर बसवतात. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर एका मिनिटाच्या गाण्यात १,४४० फ्रेम होतात. त्या तयार झाल्यावर कुणी ‘मधे अजून एक ओळ टाकू या’ म्हटलं, तर ती ओळ लिहायला दहा मिनिटं लागतील आणि तिची चित्रं काढायला आठवडा. म्हणून खालची तयारी अ‍ॅनिमेटरच्या हातात पहिला शॉट जाण्याआधी संपलेली असावी.

सगळ्यात आधी मालिकेचा फ्रेमदर लेखी विचारून घ्या. २४ की २५, हे माहीत नसताना चाल बांधायला बसू नये. २४ फ्रेमवर बनलेला भाग २५ च्या वेगाने चालवला तर गाणं चार टक्के जलद होतं आणि सूर अर्ध्या स्वराच्या जवळजवळ पाऊणपट चढतो. गाणाऱ्या मुलाचा आवाज तेवढ्यानेही पिपाणीसारखा होतो.

फ्रेमदर कळला की लय ठरवा. एका ठोक्याला किती फ्रेम, याचं सूत्र सोपं आहे: २४ फ्रेमला १,४४० भागिले बीपीएम (मिनिटाला ठोके), २५ ला १,५०० भागिले बीपीएम. उत्तर पूर्णांकात येईल अशी लय निवडा. २४ वर ९० बीपीएमला एका ठोक्याच्या १६ फ्रेम होतात, ९६ ला १५, १२० ला १२. २५ वर १०० ला १५ आणि १२५ ला १२. आता २४ फ्रेमच्या मालिकेत कुणी सहज १०० ची लय धरली, तर एका ठोक्याला १४.४ फ्रेम येतात. अ‍ॅनिमेटर १४ धरून पावलं टाकत गेला, की सोळा ठोक्यांत सहा फ्रेमहून जास्त फरक पडतो. पात्र नाचतंय, पण तालात नाही, एवढंच प्रेक्षकाला जाणवतं. ९६ आणि १०० मधला फरक कानाला फारसा कळत नाही, तेव्हा हट्ट सोडावा. शेवटी लय हळू करत नेण्याचा मोह असेल, तर तो भाग ठोक्यागणिक फ्रेम मोजून लिहून द्या, नाहीतर करूच नका.

मग लांबी. अकरा मिनिटांच्या भागात गोष्टीतलं गाणं ६० ते ९० सेकंदांत संपलेलं बरं. त्यापुढे गोष्ट थांबून राहते. ध्रुवपद, कडवं, ध्रुवपद, कडवं, ध्रुवपद एवढं पुरतं. सुरुवातीला लांबलचक सुरावट नको. चार सेकंदांत शब्द सुरू झाले पाहिजेत. गाण्याआधी आणि नंतर पात्र काय बोलतं, हे संवादलेखकाकडून मागून घ्या, कारण बोलणं आणि गाणं यांच्यातला सांधा संगीतातच तयार करावा लागतो.

शब्दांवर खरा वेळ घालवावा. समजा ओळ अशी आहे: ‘टपटप टपटप पाऊस आला, बेडूकमामा तळ्यात न्हाला’. कागदावर छान दिसते. गाऊन पाहा. ‘बेडूक’ मधला ‘क’ आपण बोलताना पूर्ण उच्चारत नाही. चालीत त्याला वेगळा स्वर दिला की ‘बेडूका मामा’ ऐकू येतं. ‘डूक’ एकाच स्वरावर ठेवा. ‘न्हाला’ हे त्याहून अवघड. चार वर्षांचं मूल ते ‘नाला’ म्हणणार, आणि मोबाइलच्या स्पीकरवर मोठ्यांनाही ‘नाला’च ऐकू येणार. तिथे ‘बेडूकमामा जागा झाला’ केलं तर शेवटच्या दोन शब्दांच्या मात्राही आठच राहतात आणि जोडाक्षराचा काटाही निघतो. ऱ्हस्व-दीर्घाचंही असंच: ‘फूल’ घाईत ‘फुल’ झालं तर कदाचित चालेल, पण ‘दिन’ लांबवून ‘दीन’ केला तर अर्थच बदलतो. प्रत्येक ओळ ठेका धरून नुसती बोलून पाहा. बोलताना जिथे जोर येतो तिथेच सम यायला हवी.

याच ओळीतला दुसरा प्रश्न ओठांचा. प, ब, भ, म या अक्षरांना ओठ मिटलेले दिसलेच पाहिजेत. बाकी अक्षरांत थोडी चूक खपते, इथे खपत नाही. आणि ओठ आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी मिटावे लागतात, नेमके त्याच फ्रेमला मिटले तर उशीर झाल्यासारखं वाटतं. १२० च्या लयीत अर्ध्या ठोक्याला एक ‘टप’ ठेवला तर त्याला सहा फ्रेम मिळतात. एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवायच्या पद्धतीत ती तीन चित्रं झाली: उघडं तोंड, अर्धवट, मिटलेलं. जेमतेम बसतं. लय १४४ केली की पाचच फ्रेम उरतात आणि तोंड नुसतं फडफडतं. उपाय दोन आहेत. तेवढ्यापुरतं प्रत्येक फ्रेमला नवं चित्र काढा, किंवा ‘टपटप’ कोरसला द्या आणि त्या वेळी पडद्यावर थेंब दाखवा. दुसरा उपाय फुकट आहे, फक्त तो गीतकार आणि स्टोरीबोर्डवाले (शॉटमागून शॉट कच्ची चित्रं काढणारे) एका टेबलावर बसले तरच सुचतो. लांबवायचा स्वर शक्यतो ‘आ’ किंवा ‘ओ’ वर संपवा. ‘ई’ वर चार ठोके थांबलेलं पात्र दात विचकल्यासारखं दिसतं.

पट्टी मुलांच्या गळ्याला धरून ठेवा, संगीतकाराच्या नाही. चार ते सहा वर्षांच्या मुलांना साधारण पेटीच्या पांढरी दोनपासून पांढरी सहापर्यंतचे मधल्या सप्तकातले स्वर सहज लागतात. पाहणाऱ्यांनी सोबत म्हणावं असं वाटत असेल तर ध्रुवपद या पाच-सहा स्वरांत बसवा. उंच उडी हवीच असेल तर ती कडव्यात घ्या. पुरुष संगीतकार स्वतःच्या गळ्यात चाल बांधतात आणि नंतर ‘सप्तक वर घेऊ’ म्हणतात. तसं केलं की खालचे सूर ठीक बसतात, वरचे किंचाळतात. एका दमात चार-पाच सेकंदांहून लांब ओळ मुलाला देऊ नये, आणि दोन ओळींमध्ये श्वासाची जागा चालीतच सोडावी.

ध्वनिमुद्रणाआधी कच्चं गाणं अ‍ॅनिमॅटिकवर (स्टोरीबोर्डची चित्रं वेळेनुसार जोडून केलेल्या कच्च्या व्हिडिओवर) लावून पाहा. अंगाच्या हालचाली कच्च्या गाण्यावर सुरू करता येतात. ओठ मात्र नाही. कच्चं गाणाऱ्याची शब्दफेक आणि खऱ्या गायकाची शब्दफेक दोन-तीन फ्रेमनी वेगळी असतेच.

संवाद बोलणारा कलाकार आणि गाणारा वेगळा असेल, तर गाणाऱ्याला त्या पात्राचे दोन-तीन मिनिटांचे संवाद आधी ऐकवा. मूल गाणार असेल तर माइक तोंडापासून वीतभर लांब, मधे पॉप फिल्टर (प, ब चा फुंकर अडवणारी जाळी), आणि पायाखाली खूण. मुलं गाताना पुढे सरकतात आणि आवाज ओळीगणिक बदलतो. कागद हातात देऊ नका, स्टँडवर चिकटवा. हेडफोन मोठ्या माणसांच्या मापाचा असेल तर तो सैल बसतो आणि क्लिकचा, म्हणजे लय दाखवणाऱ्या ठोक्यांचा, टकटक आवाज माइकमध्ये शिरतो. बंद कानाचा हेडफोन घट्ट करा आणि क्लिक हळू ठेवा. वीस मिनिटं काम, मग सुट्टी. ओळीमागून ओळ, प्रत्येकीचे तीन टेक. ओरडणं, हसणं, बेडकाचा आवाज हे सगळं शेवटी, कारण त्यानंतर गळा गाण्याच्या कामाचा राहत नाही. मालिका काही वर्षं चालणार असेल आणि मुलगा बारा-तेराचा असेल, तर शीर्षकगीताची सगळी रूपं, म्हणजे पूर्ण, १५ सेकंदांचं आणि ५ सेकंदांचं, एकाच बैठकीत गाऊन घ्या. आवाज फुटला की तो परत मिळत नाही.

वाद्यमेळात थेंबाचा टपकन किंवा उडीचा धप्प आवाज घालायचा असेल तर तो वेगळ्या ट्रॅकवर ठेवा. दिग्दर्शक उडी चार फ्रेम पुढे नेणार आणि तो आवाज संगीतात मिसळलेला असला तर सोडवता येत नाही. मिक्स झाल्यावर साध्या मोबाइलवर ऐका. डग्ग्याचा खर्ज तिथे गायब होतो; ठेका फक्त खर्जावर उभा असेल तर गाणं लुळं पडतं. टाळी, झांज, लाकडी ठोके असं काहीतरी वरच्या पट्टीत ताल धरणारं हवं.

फाइल देताना वेव्ह, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. चित्राच्या कामात ४८ चालतं, संगीतवाले सवयीने ४४.१ देतात, ती फाइल चुकून ४८ ची समजून वाजली तर गाणं जवळपास नऊ टक्के पळतं. एमपी३ फक्त ऐकायला पाठवा, ओठ जुळवायला नाही: त्या प्रकारात सुरुवातीला थोडी शांतता आपोआप जोडली जाते. मुख्य आवाज, कोरस, ताल, बाकी वाद्यं आणि इतर आवाज असे वेगळे स्टेम, म्हणजे गटागटाच्या स्वतंत्र फाइली, काढा. सगळे एकाच बिंदूपासून सुरू होणारे, सारख्या लांबीचे. सुरुवातीच्या बरोबर दोन सेकंद आधी एका फ्रेमची बीप ठेवा. गायकांच्या आवाजाशिवायचा पूर्ण ट्रॅक वेगळा लागतोच, कारण दुसऱ्या भाषेत डबिंग त्याच्यावर होतं. नावात आवृत्तीचा आकडा घाला. ‘फायनल’ शब्द कुठल्याही फाइलला देऊ नका. प्रसारणासाठी आवाजाची पातळी वाहिनीकडून विचारा; युरोपीय पद्धतीत ती उणे २३ एलयूएफएस (ऐकू येणाऱ्या मोठेपणाचं एकक) असते, ऑनलाइनची वेगळी.

सोबत एक तक्ता: प्रत्येक ओळीची सुरुवात कुठल्या फ्रेमला, गाणारं पात्र कोण, श्वास कुठे, मिटलेल्या ओठांची अक्षरं अधोरेखित. हा तक्ता अ‍ॅनिमेटरचे दोन दिवस वाचवतो, आणि तरी तोच सगळ्यात जास्त वेळा राहून जातो.

कागदपत्रं मुद्रणाच्या दिवसाआधी: गीतकार, संगीतकार, गायक आणि वादक यांच्याशी लेखी करार, मुलांच्या बाबतीत पालकांची सही, विकत घेतलेले तयार लूप वापरले असतील तर त्यांच्या परवान्याची प्रत. प्रक्रिया न केलेले कोरडे आवाज आणि मूळ प्रोजेक्ट दोन वेगळ्या ठिकाणी साठवा. पुढच्या पर्वात त्याच चालीवर नवे शब्द हवे असतात, आणि तेव्हा मागणी येते ती नेमकी याच फाइलींची.